हर्नियासाठी पोटात हवा भरणारा सर्जन

फार जुन्या आणि फार मोठ्या हर्नियाबद्दल सर्जन मंडळींत एक शब्दप्रयोग रूढ आहे: आतड्यांनी घरावरचा हक्क गमावला. वर्षानुवर्षे आतडी पोटाबाहेर, कातडीखालच्या पिशवीत राहिली की मागे उरलेले पोट आक्रसते. मध्यरेषेवरची पकड सुटल्यामुळे दोन्ही बाजूंचे तिरके स्नायू कुशीकडे ओढले जातात, आखूड आणि ताठर होतात.

अशी आतडी एकदम आत ढकलून पोट शिवले तर काय होते? पोटातला दाब झपाट्याने चढतो. श्वासपटल वर रेटले जाते, फुप्फुसे दबतात, हृदयाकडे परतणारे रक्त अडते, लघवी कमी होते. टाके सुटणे हा त्यातला सौम्य प्रकार. रुग्ण दगावतही असत. म्हणून कित्येकांना सर्जन हात लावायला तयार नसत.

१९४० च्या दशकात अर्जेंटिनातल्या इव्हान गोन्यी मोरेनो या सर्जनने प्रश्न उलटा केला. पोट लहान पडते ना, मग शस्त्रक्रियेआधीच ते मोठे करू. त्यांनी पोटात सुई घालून थोडा थोडा वायू भरायला सुरुवात केली, रुग्णाला सोसेल तेवढाच. ही पद्धत त्यांनी १९४७ मध्ये अमेरिकेतल्या ‘सर्जरी’ या नियतकालिकात मांडली. सुईने पोटात हवा भरणे त्या काळच्या डॉक्टरांना अगदीच परके नव्हते. क्षयरोगावर तसा उपचार चालत असे.

हवा फुग्यासारखी पोट फुगवते, एवढेच यात घडत नाही. सततच्या ताणाने स्नायू खरोखर लांबतो. १९७२ साली मांजरांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे: पाय प्लास्टरमध्ये असा बसवला की पोटरीचा स्नायू ताणलेला राहील. चार आठवड्यांत स्नायूच्या तंतूंमध्ये आकुंचन पावणारे सूक्ष्म घटक सुमारे २० टक्क्यांनी वाढले. आखडलेल्या स्थितीत ठेवल्यावर ते सुमारे ४० टक्क्यांनी घटले. जुन्या हर्नियात कुशीकडे सरकलेल्या स्नायूंचे काय होत असेल, हे या दुसऱ्या आकड्यावरून समजते.

वेळ दिला तर पोट किती मोठे होऊ शकते, हे प्रत्येक गरोदर स्त्री दाखवते. तिच्या पोटाला नऊ महिने मिळतात. गोन्यी मोरेनोंच्या पद्धतीत साधारण दोन-तीन आठवडे मिळतात; तेवढ्यात श्वासपटलालाही वाढलेल्या दाबाखाली काम करायची सवय होते. एक अडचण मात्र होती. हवा सोपी वाट धरते आणि हर्नियाच्या पिशवीतच शिरते. म्हणून हर्नियावर पट्टा बांधतात. (शस्त्रक्रिया टाळायला वर्षानुवर्षे पट्टा वापरणाऱ्यांनी यातून भलता अर्थ काढू नये. इथे पट्टा शस्त्रक्रियेच्या तयारीचा भाग आहे.)

२००९ मध्ये मेक्सिकोतल्या सर्जननी दुसरी वाट दाखवली: बाजूच्या स्नायूंत बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने. स्नायू काही आठवडे सैल पडतात आणि मध्यरेषेवर आणता येतात. आज काही रुग्णांत हे दोन्ही उपाय एकत्र वापरले जातात. ‘आधी काही आठवडे तयारी, मग ऑपरेशन’ असे मोठ्या हर्नियाच्या रुग्णाला सांगतात, ते यासाठीच.

हवा भरताना रुग्णांची नेहमीची तक्रार पोटाची नसते, खांद्याची असते. श्वासपटलाची नस मानेतून निघते, त्यामुळे त्यावरचा ताण खांद्यात जाणवतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही पोटात वायू भरतात. त्यानंतर एक-दोन दिवस खांदा का दुखतो, असे विचारणाऱ्यांनाही उत्तर हेच.