खपली गहू: ओळख, लागवड आणि टरफलाचा हिशोब

खपली गव्हाला बाजारात सरबतीपेक्षा चांगला भाव मिळतो, म्हणून दर वर्षी नवे शेतकरी त्याकडे वळतात. पण खपलीचे पीक घेणे आणि खपली विकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेरणीआधी या गव्हाचे टरफल समजून घ्या, कारण बियाणे, मळणी, साठवण आणि भाव हे सगळे त्यावरच अवलंबून आहे.

पिकाची ओळख

खपलीचे शास्त्रीय नाव ट्रिटिकम डायकोकम. पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने जे गहू प्रथम शेतात आणले, त्यांपैकी हा एक. आपल्या बन्सी गव्हाप्रमाणे यात 28 गुणसूत्रे असतात, तर सरबतीत 42. ओंबीच्या प्रत्येक कणिशकात बहुधा दोन दाणे असतात, म्हणून काही भागांत याला जोड गहू म्हणतात. दाणा लांबट, लालसर आणि कडक असतो.

सरबती मळला की दाणा मोकळा होतो. खपलीचे तसे नाही. ओंबीचा दांडा सांध्यासांध्यावर तुटतो आणि दोन दाण्यांना घट्ट धरून ठेवणारी टरफलासकट कणिशके हाती येतात. मळणीयंत्र बिघडले, असे समजून त्याचा वेग वाढवू नका, दाणे फुटतील.

तांबेऱ्याला तोंड देण्याची ताकद हा खपलीचा जुना लौकिक. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी गव्हाच्या बारा वाणांचा संच वापरत. त्यात एका वाणाचे नावच ‘खपली’ होते! तरीही शेतात फेरी मारणे सोडू नका. मावा यावरही येतो.

लागवड

सांगली, सातारा, कोल्हापूर आणि पलीकडे उत्तर कर्नाटकात हे पीक पूर्वीपासून आहे. मध्यम ते भारी, चांगल्या निचऱ्याची जमीन निवडा. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा पेरणीला उत्तम. उशीर झाला की दाणे भरताना उन्हाचा चटका बसतो आणि दाणा बारीक राहतो.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस 2971 आणि धारवाड कृषी विद्यापीठाचे डीडीके 1025 व डीडीके 1029 हे सुधारित वाण आहेत. एमएसीएस 2971 बुटका आहे, त्यामुळे लोळत नाही. गावठी खपली मात्र उंच वाढते. तिला सरबतीइतके नत्र दिले तर वाऱ्यात आडवी होते. अशा उंच वाणाला नत्राची मात्रा सरबतीच्या निम्मी ठेवावी, असे आमचे मत आहे.

बियाणे टरफलासकटच पेरा. सोललेल्या दाण्याच्या कोंबाला इजा झालेली असते आणि उगवण विरळ होते. एकरी साधारण 40 किलो टरफलासकट बियाणे पुरते. पाभरीने दोन ओळींत 20 ते 22 सेंमी अंतर आणि 5 सेंमी खोली ठेवा. टरफलामुळे बी नळीत अडकते, म्हणून पहिल्या दोन तासांत पाभरीवर लक्ष हवे.

पाणी कमी असेल तर निदान 18 ते 21 दिवसांचे, म्हणजे मुकुटमुळे फुटतानाचे पाणी चुकवू नका. त्यानंतर कांडी धरताना, फुलोऱ्यात आणि दाणा चिकात असताना पाणी द्यावे.

गव्हात स्वपरागीभवन होत असल्याने घरचे बियाणे चालते. भेसळ होते ती मळणीयंत्रात. ओंब्या आल्यावर वेगळी दिसणारी झाडे उपटून टाका.

भावाचा हिशोब

एक क्विंटल खपली सोलल्यावर साधारण 65 ते 75 किलो दाणे मिळतात. आपल्या मालाचे दहा किलो सोलून, वजन करून हा आकडा स्वतः काढा. समजा, उतारा 70 टक्के आहे आणि व्यापारी टरफलासकट माल किलोला 50 रुपयांनी मागतो. म्हणजे सोललेला दाणा 71 रुपयांच्या वर पडला, सोलण्याची मजुरी वेगळीच. तोच माल सोलून 70 ने विकलात तर कष्ट करून तोटा केला! सौदा करताना भाव टरफलासकट की सोललेल्याचा, हे आधी ठरवून घ्या.

साठवणही टरफलासकटच करा. किडे लवकर शिरत नाहीत. लागेल तसे सोला. खिरीसाठी थोडा गहू हवा असेल तर पाण्याचा हात लावून उखळात कांडण्याची घरची रीत अजूनही उत्तम.

थेट ग्राहकाला विकत असाल तर एक सांभाळा. खपलीत ग्लुटेन असते. गव्हाचे ग्लुटेन ज्यांना वर्ज्य आहे, त्यांना हा गहूही चालत नाही. ‘ग्लुटेनमुक्त’ असे पिशवीवर छापू नका आणि मधुमेहावरचे औषध म्हणूनही विकू नका.