नामसंकेतन आणि नामोद्धार

मुळशी तालुक्यातील महाळुंगे हे पुणे जिल्ह्यातील या नावाचे एकमेव गाव नव्हे. चाकणनजीक महाळुंगे इंगळे आहे, आंबेगाव तालुक्यात महाळुंगे पडवळ आहे. शेजारच्या बावधनाचे तर बुद्रुक व खुर्द असे दोन भाग आहेत. समान नावे दप्तरात निराळी ओळखता यावीत म्हणून नावालाच विशेषण चिकटविण्याची ही जुनी रीत होय. महाळुंग्याजवळच हिंजवडीस ज्या भाषांत आज संगणकाच्या आज्ञावली लिहिल्या जातात, त्यांपैकी सी-प्लस-प्लसमध्ये हीच रीत कंपायलर पाळतो, आणि तयार आज्ञावलीचा उलट शोध घेणाऱ्यास ती प्रथम उलगडावी लागते.

सी भाषेत हा प्रश्न उद्भवला नव्हता. तेथे एका नावाचे बाह्य फंक्शन एकच असे; कंपायलर ते नाव जसेच्या तसे, फार तर आरंभी एक अधोरेषा जोडून, लिंकरच्या हवाली करी. जुन्या लिंकरांची कुवत इतकी अल्प होती की १९८९ च्या अमेरिकी सी-मानकाने बाह्य नावाच्या पहिल्या सहाच अक्षरांची हमी दिली. बेल प्रयोगशाळेत ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी सी-प्लस-प्लस घडविली, तेव्हा एकाच नावाची परंतु भिन्न प्रकारची प्राचले घेणारी अनेक फंक्शने लिहिण्यास मुभा मिळाली. लिंकर मात्र जुनाच राहिला, आणि तो सर्वत्र बदलून घेणे भाषाकर्त्याच्या हाती नव्हते. म्हणून प्राचलांचे प्रकार नावातच गोवावे लागले. १९८५ च्या सीफ्रंट या अनुवादकातील तोडगा अर्धवट होता. समान नावांपैकी पहिले फंक्शन आपले साधे नाव राखी, पुढीलांसच प्रकारांची जोड मिळे. त्यामुळे दोन फायलींत घोषणांचा क्रम बदलल्यास जोडणी बिघडण्याचा संभव राही. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही जोड सर्वच फंक्शनांना लागू झाली, आणि प्राचलांच्या प्रकारांत विसंगती असलेली जोडणी जुना लिंकरही नाकारू लागला.

या क्रियेला इंग्रजीत नाव चुरगाळून विद्रूप करणे अशा अर्थाचा शब्द रूढ झाला आहे. तो अन्यायकारक म्हणावा लागेल. कारण येथे काही लपविण्याचा हेतू नव्हता, उलट नावात पूर्वीपेक्षा अधिक माहिती भरली जात होती.

पुढे प्रत्येक कंपायलरने आपापला संकेत निर्मिला. इंटेलच्या इटॅनियम प्रक्रियकासाठी अनेक कंपन्यांनी मिळून जो संकेत ठरविला, तो जी.सी.सी.ने २००१ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून स्वीकारला. इटॅनियमची विक्री २०२१ मध्ये थांबली. त्याच्यासाठी रचलेला संकेत मात्र इतर यंत्रांवर नांदतो आहे. दोन पूर्णांक घेणाऱ्या 'अॅड' या फंक्शनाचे नाव त्यात 'अधोरेषा, झेड, ३, अॅड, आय, आय' असे होते. झेड ही संकेताची खूण, ३ ही नावाची अक्षरसंख्या, आणि प्रत्येक 'आय' म्हणजे एक पूर्णांक. एकदा आलेला घटक पुन्हा आल्यास 'एस' अक्षराने आरंभ होणारा क्रमवाचक संक्षेप येतो. मोडी कागदातील 'सदरहू' शब्दाप्रमाणे त्याचा अर्थ मागील मजकुराच्या क्रमावरूनच लागतो, आणि एक घटक मोजायचा राहिला तर पुढील सर्व वाचन चुकते. मायक्रोसॉफ्टचा संकेत प्रश्नचिन्हाने सुरू होतो व फंक्शन कोणत्या प्रकारचे मूल्य परत देते तेही नोंदवितो. इटॅनियम-संकेतात साध्या फंक्शनांबाबत ही नोंद नसते. ती माहिती यंत्रसूचनांवरूनच अनुमानावी लागते.

सी-प्लस-प्लस-फिल्ट हे साधन, किंवा अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये खुले केलेले गिड्रा, हा उलगडा क्षणात करते. परंतु प्राचलांची मूळ नावे व लेखकाच्या टिप्पण्या संकेतात कधी शिरलेल्याच नसतात. वितरणापूर्वी बहुधा चिन्हतक्ताही पुसला जातो. तरीही इतर ग्रंथालयांशी जोडणी करण्यास लागणारी नावे काढता येत नाहीत, आणि चालू अवस्थेत प्रकार ओळखण्यासाठी ठेवलेली वर्गनामे पुष्कळदा विदाविभागात शिल्लक राहतात.

पुण्यात कैलास व संजय काटकर या बंधूंनी १९९० च्या दशकात क्विक हील या विषाणुप्रतिबंधक आज्ञावलीचा उद्योग उभारला. अशा कामात मूळ संहिता हाती नसते, आणि घातक आज्ञावलीचा कर्ता ती देणारही नाही. वाचून राहिलेले एखादे वर्गनाम तेथे पहिला धागा ठरू शकते. मात्र हे नाव त्या कर्त्यानेच दिलेले असते, आणि दिशाभूल करण्यासाठी त्याने निरुपद्रवी नाव योजलेले असणे सहज शक्य आहे. म्हणून उलगडलेले नाव त्याखालील यंत्रसूचनांशी ताडून पाहिल्यावाचून अहवालात घेता येत नाही.