सायकल भ्रमण, ग्रामीण मार्गांवरील (बीड जिल्हा)

कमी वर्दळीच्या ग्रामीण डांबरी रस्त्यांवरून सायकलने केला जाणारा स्पर्धाविरहित प्रवास.

उगम : इंग्लंडमध्ये १८७८ साली सायकलस्वारांची पर्यटन संघटना स्थापन झाली. साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ सायकल (१८८५) व डनलॉप यांचा हवेचा टायर (१८८८) यांमुळे दूरचा प्रवास सुकर झाला (पहा : सायकल). भारतात प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेखाली (२०००) खेडी बारमाही रस्त्यांनी जोडण्याचे काम सुरू झाले.

वैशिष्ट्ये : जिल्ह्याच्या उत्तरेस गोदावरीकाठचा गेवराई–माजलगावचा सखल, काळ्या मातीचा प्रदेश असून तेथील रस्ते बहुधा सपाट आहेत. पाटोदा, केज, धारूर व अंबाजोगाई भागांत बालाघाटाच्या पठारामुळे चढउतार येतात (पहा : बालाघाट डोंगररांग, मांजरा नदी). मांजरसुंबा येथे घाटरस्ता आहे. उन्हाळ्यातील तीव्र तापमानामुळे पावसाळ्याची अखेर व हिवाळा हा काळ अनुकूल ठरतो. गळीत हंगामात मात्र रस्त्यांवर ऊसवाहतूक वाढते.

महत्त्व : कपिलधार व सौताडा येथील धबधबे, नायगाव मयूर अभयारण्य, धारूरचा किल्ला आणि अंबाजोगाईचे योगेश्वरी मंदिर ही स्थळे इंधनाविना जोडणारे हे साधन आहे (पहा : बीड जिल्हा).