पटकीच्या जंतूंचा भक्षक

नाशिकहून चांदवडकडे जाणारा मुंबई-आग्रा रस्ता बाणगंगेकांठच्या ओझर गांवावरून जातो. विमानांच्या कारखान्यानें ओझरचें नांव सर्वतोमुखीं झालें तें १९६४ नंतर. त्यापूर्वीं पिढ्यान्‌पिढ्या हा रस्ता यात्रेकरूंचा होता. दर बारा वर्षांनीं सिंहस्थास नाशिक-त्र्यंबकेश्वरीं लोक लोटत; आणि त्या काळीं जेथें यात्रा तेथें पटकीचें भय असे. खेडोपाडीं मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडण्याची चाल होती. म्हणजे आपली पीडा शेजारच्या गांवाच्या हद्दींत लोटून द्यावयाची!

याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकास, आग्र्यास, अर्नेस्ट हॅन्किन नांवाचे इंग्रज जंतुशास्त्रज्ञ काम करीत होते. गंगा-यमुनेचें पाणी पटकीचे जंतु मारतें, पण तेंच पाणी उकळलें म्हणजे त्याचा हा गुण नाहींसा होतो, असें त्यांनीं १८९६ सालीं प्रसिद्ध केलें. जंतूंना खाणाऱ्या विषाणूंचा, म्हणजे बॅक्टेरिओफेजचा, हा पहिला पुरावा, असें पुढें अनेकांनीं लिहिलें. तथापि घट्ट बंद केलेल्या नळींत तापविलेल्या पाण्यांत तो गुण टिकून राहतो, असेंही हॅन्किन यांनाच आढळलें होतें. विषाणु एवढ्या उष्णतेंत तग धरणार नाहीं. तेव्हां या शोधाचें श्रेय त्यांना देतांना हात आंखडता घ्यावा, हेंच बरें.

खरा शोध लागला तो नदींत नव्हे, मनुष्याच्या आंतड्यांत. फ्रेडरिक ट्वॉर्ट या इंग्रज संशोधकास १९१५ सालीं जंतु विरघळण्याचा चमत्कार दिसला होता. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत फेलिक्स देरेल यांनीं १९१७ सालीं त्याचा अर्थ लावला. रक्तातिसाराच्या रोग्यांच्या मलांत हा भक्षक बलवान झाला म्हणजे रोगी सुधारूं लागतो, असें त्यांना दिसलें. भक्षक जंतूस चिकटतो, आपलें बीज आंत सोडतो, आंत त्याची प्रजा वाढते आणि जंतु फुटून ती बाहेर पडते. १९१९ सालीं पॅरिसच्या बालरुग्णालयांत एका मुलास तें औषध देण्यापूर्वीं देरेल स्वतः तें प्याले.

१९२७ सालीं ते हिंदुस्थानांत आले व पंजाबांत त्यांनीं पटकीच्या रोग्यांवर हा उपाय योजिला. पुढें शिलाँगच्या पाश्चर संस्थेचे जॉन मॉरिसन यांनीं आसामांत मोठा प्रयोग मांडला. नौगांव भागांतील खेड्यांत भक्षकाच्या कुप्या वांटल्या. हबीगंज भाग तुलनेकरितां औषधावांचून ठेवला. ज्यांच्या घरीं माणूस पटकीनें तळमळत होतें, त्यांना ही तुलना कशी पटावी? नौगांवांत रोग ओसरला खरा; पण पटकी आपल्या लहरीनेंही येते नि जाते, त्यामुळें निकाल निर्विवाद ठरेना. हा उद्योग १९३६ च्या सुमारास थांबला, आणि पुढें प्रतिजैविक औषधें आल्यावर बहुतेक देशांत त्याचा विसर पडला. जॉर्जियांतील टिफ्लिस येथें मात्र ही परंपरा चालू राहिली.

या कथेंतील सर्वांत विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. पटकीचा जंतु विष सोडतो म्हणून आंतड्यांतून पाणी झरतें, हें कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनीं १९५९ सालीं सशांच्या आंतड्यांवर प्रयोग करून दाखविलें. हें विष जंतूच्या अंगीं आलें कोठून? १९९६ सालीं वॉल्डॉर व मेकॅलॅनॉस या दोघां अमेरिकन संशोधकांनीं दाखविलें कीं, त्या विषाचें बीज जंतूंत एका भक्षकानेंच नेऊन ठेविलें आहे. हा भक्षक आपल्या यजमानास मारीत नाहीं. त्याच्याच बीजांत मिसळून निवांत राहतो. ज्या जातींत देरेल यांना तारणारा दिसला, तींतच मारणाराही होता.

निरोगी आंतड्यांतही असे कित्येक भक्षक जंतूंच्या पोटीं निजलेले असतात. तेथील जंतु अन्नाचा चोथा पचवितात, कांहीं जीवनसत्त्वें तयार करितात आणि रोगजंतूंना सहसा थारा देत नाहींत. पुण्याच्या संशोधकांनीं एका छपराखालीं राहणाऱ्या दोन एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्यांचे जंतु तपासले. वयाप्रमाणें हा समुदाय पालटतो, असें त्यांना आढळलें. तो निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. त्या तपासणींत मोजणी झाली ती जंतूंची. त्यांच्या पोटीं निजलेल्या भक्षकांची नव्हे.