घशाला ‘शेक’ घेतल्यावर ‘थोडी’ चालते का? थोडा इतिहास, थोडे विज्ञान

घशाच्या कॅन्सरसाठी रेडिओथेरपी, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत ‘शेक’ किंवा ‘लाईट’, पूर्ण करून पेण-रोह्याकडचे रुग्ण घरी येतात. दोन-तीन महिन्यांत तोंड जरा बरे होते, जेवण जाऊ लागते, आणि मग एक प्रश्न हमखास येतो. बऱ्याचदा रुग्ण गप्प बसतो आणि सोबतचा भाऊ किंवा मेहुणा हळूच विचारतो, “डॉक्टर, गाठ तर गेली म्हणतात. शिमग्याला थोडी घेतली तर चालेल ना? निदान माडी?”

उत्तर आधीच सांगतो: नाही. माडी नाही, बिअर नाही, ‘औषधापुरती’ ब्रँडीही नाही. पण हा प्रश्न विचारणाऱ्याला मी दोष देत नाही. ‘थोडी चालते’ हा समज आपल्या मातीत फार जुना आहे. तो कुठून आला हे कळले, तर नकार पचवणे सोपे जाते.

आपला रायगड म्हणजे पूर्वीचा कुलाबा जिल्हा. किनाऱ्यावर माडी, डोंगराकडे मोहाची दारू. सणाला, लग्नाला, कष्टाच्या दिवसानंतर ती घेतली जाई. 1878 मध्ये मुंबई सरकारने अबकारी कायदा केला आणि गाळण्या-विकण्यावर सरकारचा ताबा घट्ट झाला. 1892 मध्ये तर ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा वेगळा कायदा आला. झाडाखाली पडलेली फुले वेचून घरी ठेवण्यावरही बंधने आली. दुसरीकडे उरणच्या भट्ट्यांमधून मोहाची दारू मुंबईला जात होती. म्हणजे घरची दारू गुन्हा ठरली आणि दुकानातली दारू सरकारचे उत्पन्न. त्यात पिणाऱ्याच्या घशाचा विचार कोणीच केला नाही.

दुसरा समज आम्हा डॉक्टरांच्या पूर्वजांनी दिला. एकोणिसाव्या शतकात लंडनचे डॉ. रॉबर्ट बेंटली टॉड तापाच्या रुग्णांना भरपूर ब्रँडी देत, आणि त्या काळात ही पद्धत बरीच गाजली. ‘थंडी वाजली की दोन चमचे ब्रँडी’ हा घरगुती सल्ला त्याच वळणाचा आहे.

1 ऑगस्ट 1939 ला मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. त्या वेळचे आरोग्य आणि अबकारी मंत्री डॉ. एम. डी. डी. गिल्डर स्वतः हृदयरोगतज्ज्ञ होते. पुढे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालसारा खटल्यात अल्कोहोल असलेल्या औषधांवरची बंदी रद्द केली. दारू पिण्याचा परवाना मात्र ‘आरोग्य राखण्यासाठी’ या नावाने मिळू लागला. आता पाहा, जी वस्तू कायद्याच्या कागदावर आरोग्यासाठी दिली जाते, ती आरोग्याला घातक आहे हे सामान्य माणसाच्या गळी उतरणार कसे?

आता शेकाचा इतिहास. 1895 मध्ये राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले. सुरुवातीला एकदम मोठा मारा करत. गाठ जळे आणि आजूबाजूचे मांसही जळे. पॅरिसमध्ये क्लॉडियस रेगो आणि आँरी कुतार यांनी वेगळा मार्ग शोधला: रोज थोडा थोडा डोस, अनेक आठवडे. 1922 मध्ये कुतार यांनी स्वरयंत्राच्या कॅन्सरचे असे बरे झालेले रुग्ण तज्ज्ञांपुढे मांडले. तुम्हाला आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे जावे लागले ना? त्याचे मूळ इथे आहे. दोन डोसांमधल्या वेळात निरोगी पेशी स्वतःला दुरुस्त करतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितके जमत नाही.

आपल्याकडे 28 फेब्रुवारी 1941 ला परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. तिथल्या डॉ. वसंत खानोलकर आणि डॉ. संघवी यांच्या गटाने 1955 मध्ये तंबाखू ओढणे-चघळणे आणि तोंड-घशाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. दारूबद्दलचा निकाल यायला आणखी वेळ लागला. 1988 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मद्य हे माणसात कॅन्सर करणारे आहे असे जाहीर केले. त्या यादीत तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका होती. दारूचे शरीरात ॲसिटाल्डिहाइड होते आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करते. तोंडातले जंतूही ते तयार करतात. माडीतले अल्कोहोल आणि विलायती बाटलीतले अल्कोहोल एकच. दारूसोबत तंबाखू किंवा विडी असेल, तर धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो.

मग ‘गाठ गेली’ तरी बंदी का? 1953 मध्ये स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. वर्षानुवर्षे तंबाखू-दारू लागलेल्या तोंड-घशाचे सगळे अस्तरच बिघडलेले असते. गाठ ही त्यातली फक्त वर आलेली जागा. शेतातले एक तण उपटले, पण बी सगळ्या वाफ्यात पडलेले आहे, असे समजा. शेकाने ती गाठ जाते, बाकीचे अस्तर तेच राहते. दारू चालू ठेवली तर त्याच भागात दुसरा, नवा कॅन्सर उगवण्याचा धोका वाढतो. आणि एका जागी पूर्ण डोस दिल्यावर तिथेच पुन्हा शेक देणे फार अवघड असते.

शिवाय शेकामुळे लाळ कमी झालेली असते, अस्तर पातळ झालेले असते. दारूने ते आणखी कोरडे पडते, जळजळते, दात लवकर किडतात. शेक घेतलेल्या जबड्यातला दात काढणे धोक्याचे असते, हाड कुजू शकते. म्हणून दात काढण्याआधी शेक देणाऱ्या डॉक्टरांना विचाराच.

काही व्यवहाराच्या गोष्टी:

रोज पिणाऱ्याने एका दिवसात घरच्या घरी सोडू नये. हात थरथरणे, भास, फिट येऊ शकते. ते जिवावर बेतते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे घेऊन सोडा. व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. 1986 पासून पुण्यात ‘मुक्तांगण’ हे काम करते आहे.

दारू नकळतही पोटात जाते. गुळण्यांचे माऊथवॉश, काही टॉनिक व खोकल्याची औषधे, आंबवून केलेली आसव-अरिष्टे, यांत अल्कोहोल असते. घेण्याआधी विचारा. गुळण्यांना कोमट पाण्यात थोडे मीठ आणि खाण्याचा सोडा पुरतो.

तपासणीची तारीख चुकवू नका. आवाज तीन आठवडे बसलेला, गिळताना अडकणे, मानेत नवी गाठ, एका कानात ठणका, थुंकीत रक्त, यांपैकी काहीही दिसले तर तारखेची वाट पाहू नका. मानेला शेक झाला असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी वरचेवर लागते.

आणि घरच्यांनो, एक विनंती. खारघर किंवा परळच्या फेऱ्या करताना तुम्ही कामाचे खाडे केलेत, उसने पैसे आणलेत. शिमग्याला किंवा गणपतीत कोणी “एकाच घोटाने काय होतंय” म्हणाले, तर नकार द्यायचे काम रुग्णावर टाकू नका. ते तुम्हीच करा. त्याच्या हातात कोकम सरबत द्या. लाळ कमी असलेल्या तोंडाला ते आंबट झोंबत असेल, तर पातळ ताक द्या. पंगतीत मात्र त्याला बसवाच.