चिमटा, स्प्रिंग आणि तेल

शहाद्याहून म्हसावदमार्गे तोरणमाळला जाणारा रस्ता आधी तापी खोऱ्यातल्या काळ्या जमिनीवरून जातो आणि मग सातपुड्याचा घाट चढतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे तिच्यावरचा रस्ता फार काळ सपाट राहत नाही. पुढे दगडगोटे आणि सुमारे हजार मीटरची चढण. अशा मुलखात शाळेत सायकलने येणाऱ्या विद्यार्थ्याला पुढच्या चिमट्यात 'शॉकअप' असलेली सायकल घ्यावीशी वाटली, तर नवल नाही. घरचे लोकही त्यासाठी चार पैसे जास्त मोजतात. त्या पैशांत नेमके काय मिळते, हे समजून घ्यायचे तर या चिमट्याचा इतिहास पाहायला हवा.

हूक, कमान आणि टांगा

स्प्रिंग जितकी दाबावी तितका तिचा विरोध वाढतो, हा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७६ मध्ये अक्षरांच्या कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला. हा नियम आपण वर्गात शिकवतो. त्याची दुसरी बाजू मात्र बहुधा सांगायची राहते. दाबलेली स्प्रिंग ऊर्जा नाहीशी करत नाही. ती साठवते आणि सोडताच परत करते. खड्ड्याचा धक्का ती आधी स्वतःकडे घेते आणि क्षणभराने स्वाराच्या हवाली करते.

इंग्लंडमध्ये ओबादाया इलियट यांनी १८०४ मध्ये घोडागाडीसाठी कमानपाट्यांचे पेटंट घेतले. पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या अशा कमानी आपल्याकडे टांग्यांना आणि पुढे ट्रकांना आल्या. कमान दबताना तिच्या पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि धक्क्याच्या ऊर्जेचा काही भाग उष्णता होऊन निघून जातो. म्हणजे साठवणे आणि जिरवणे ही दोन्ही कामे एकाच वस्तूत होत होती. गुंडाळीच्या स्प्रिंगमध्ये असे घर्षण जवळपास नसते. ती आली तेव्हा जिरवण्याचे काम कोणी करायचे, हा प्रश्न उघडा पडला.

लोखंडी धावेपासून टायरपर्यंत

१८६० च्या दशकातल्या सायकलींना बैलगाडीसारखी लोखंडी धाव असे. इंग्लंडमध्ये त्यांना 'बोनशेकर', म्हणजे हाडे खिळखिळी करणारी, असेच नाव पडले होते. लंडनच्या लिन्ली आणि बिग्ज यांनी १८८५ च्या सुमारास 'व्हिपेट' ही स्प्रिंगच्या सांगाड्याची सायकल काढली. पण १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेचा टायर आणला आणि चित्र बदलले. रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच अशा टायरचे पेटंट घेतले होते, पण तेव्हा सायकल नव्हती आणि शोध विसरला गेला. टायरमधली हवा हीच एक हलकी आणि स्वस्त स्प्रिंग ठरली. चिमट्यातल्या स्प्रिंगची गरज मागे पडली.

आपल्या खेड्यापाड्यांत रुळलेली २८ इंची चाकांची काळी सायकल ही याच विचाराची. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते, पुढे वाकवलेला पोलादी चिमटा किंचित लवतो, आणि उरलेला धक्का सीटखालच्या स्प्रिंगा घेतात. इंग्लंडच्या अलेक्स मोल्टन यांनी १९६२ मध्ये लहान चाकांची सायकल काढली तेव्हा चाक लहान केल्याची भरपाई म्हणून त्यांना रबराची उशी बसवावी लागली. रबर दबताना थोडी ऊर्जा आतल्या आत उष्णतेत बदलते, हा त्याचा आणखी एक गुण.

तेलाचे काम

जिरवण्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर मोटरसायकलने दिले. बीएमडब्ल्यूच्या १९३५ च्या आर १२ या गाडीला दुर्बिणीसारख्या एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा चिमटा होता आणि त्यात तेल होते. नळी सरकली की तेलाला बारीक छिद्रातून जावे लागते. तेलाच्या चिकटपणामुळे विरोध होतो आणि गतिज ऊर्जेची उष्णता बनते. यालाच आपण अवमंदन म्हणतो. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेल्या बुलेटलाही पुढे असाच तेलाचा चिमटा होता. सायकलला मात्र तो येण्यास आणखी पस्तीसएक वर्षे लागली.

त्याचे निमित्त घडले कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत. तिथल्या काही तरुणांनी २१ ऑक्टोबर १९७६ रोजी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर पहिली शर्यत लावली. शर्यतीचे नाव 'रीपॅक'. उतारावर ब्रेक इतके तापत की चाकाच्या तुंब्यातले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून हे नाव. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी अशा वाटांसाठी खास सांगाडा बनवला आणि पर्वतीय सायकल आकाराला आली. मोटरसायकलच्या शर्यतींतून आलेल्या पॉल टर्नर यांनी १९८९ मध्ये रॉकशॉक्स ही कंपनी काढली. तिच्या चिमट्यात स्प्रिंगच्या जागी दाबाखालची हवा होती आणि जिरवण्यासाठी तेल. तो जेमतेम दोन इंच दबत असे. पण १९९० मध्ये डुरँगो येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड यांनी तोच चिमटा लावून उताराची शर्यत जिंकली आणि शंका मिटल्या.

या यशाची नक्कल मात्र अर्धीच झाली. स्वस्त सायकलींच्या अनेक चिमट्यांत स्प्रिंग असते, तेल नसते. दिसायला शॉकअप, पण काम फक्त साठवण्याचे.

निवड आणि जुळणी

हे किती महत्त्वाचे आहे, ते ढोबळ हिशेबाने पाहू. स्वार आणि सायकल मिळून ७५ किलो धरले, तर पुढच्या चाकावर साधारण ३० किलो येतात. त्या भाराने स्प्रिंग २ सेंटिमीटर दबत असेल, तर तिचा आंदोलनकाल २ सेंटिमीटर लांबीच्या लंबकाइतकाच असतो. सूत्रात किंमत घातली की ०.२८ सेकंद येतात, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेतीन झोके. आता रस्त्यावर दर एक मीटरला लाट आहे आणि सायकल ताशी १२ किलोमीटरने चालली आहे. चाकाला सेकंदाला सव्वातीन धक्के बसतात. हे दोन आकडे जवळ आले की अनुनाद होतो आणि झोका वाढत जातो. विनातेलाचा चिमटा अशा वेळी साध्या चिमट्याहून वाईट ठरू शकतो. चढणीवर तर पायडल मारण्याची मेहनत त्याला वरखाली नाचवण्यात वाया जाते, आणि त्याचे दोन-अडीच किलो वजन वेगळेच.

म्हणून घेताना एक परीक्षा करावी. पुढचा ब्रेक दाबून हँडलवर भार द्यावा आणि सोडावा. चिमटा संथपणे वर येऊन थांबला तर आत अवमंदन आहे. तो टुणकन उसळून पुन्हा हलत राहिला तर फक्त स्प्रिंग आहे. तेलाच्या चिमट्याइतके पैसे नसतील, तर साधा चिमटा आणि जाड टायर हीच अधिक शहाणपणाची निवड, असे आम्हाला वाटते.

तेलाचा चिमटा असेल तर त्याची जुळणी स्वाराच्या वजनानुसार करावी. चिमट्याच्या दांडीला दोरा बांधून तो खाली सरकवावा, सायकलवर अलगद बसावे, उतरावे, आणि दोरा किती वर गेला ते मोजावे. एकूण हालचालीच्या पाचव्या भागाइतका दाब साध्या रस्त्याला पुरतो. खडकाळ उताराला थोडा अधिक चालतो. वरची चकती पिळली की स्प्रिंग कडक होते असा समज आहे. तसे होत नाही. ती आधीच थोडी दाबून ठेवली जाते, तिची ताठरता तीच राहते. जड स्वाराला दुसरी स्प्रिंगच हवी. परतीचा वेग ठरवणारी चकती असल्यास पुढचा धक्का येण्याआधी चिमटा वर येईल, पण उसळणार नाही, इतकी फिरवावी. हवेच्या चिमट्यात तापमानाचा विचार करावा लागतो. १० अंशांच्या थंडीत भरलेल्या हवेचा एकूण दाब ४२ अंशांना सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो. खानदेशच्या उन्हाळ्यात दाब पुन्हा तपासलेला बरा. दांडीवरची धूळ मात्र रोज पुसावी, कारण तेल अडवणारी रबरी कडी धुळीनेच झिजते.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सुचवतो. स्प्रिंगला वजन टांगून झोके मोजावेत. मग त्याच वजनाखाली पत्र्याची चकती बांधून ती पाण्यात आणि नंतर खाद्यतेलात बुडवून पुन्हा मोजावेत. झोके किती लवकर थांबतात, ते फळ्यावर मांडावे. त्यानंतर मुलांना शाळेच्या आवारातल्या सायकली तपासायला पाठवावे. कोणत्या चिमट्यात तेल आहे आणि कोणत्यात केवळ स्प्रिंग, हे त्यांचे त्यांना कळेल. आणि पुढची सायकल घेताना दुकानदाराला काय विचारायचे, तेही.