हॉटेलच्या कामातले नेहमीचे शब्द

सरोजिनी नगर-चाणक्यपुरी परिसरातील हॉटेलांत काम करायचे आहे आणि पर्यटन मंत्रालयाच्या ‘हुनर से रोजगार तक’ योजनेतून प्रशिक्षण घेत आहात? मग खालील शब्द इंग्रजीतच लक्षात ठेवा.

‘व्हेकंट डर्टी’ : पाहुणे गेले, सफाई बाकी. ‘व्हेकंट रेडी’ : सुपरवायझरने तपासलेली, देण्यास तयार खोली. मराठीत दोन्ही ‘रिकामी’च, पण फ्रंट डेस्कला नुसते ‘रिकामी’ कळवले तर नवा पाहुणा अस्वच्छ खोलीत जाईल आणि बोलणी तुम्हाला बसतील.

‘ड्यू आउट’ : आज खोली सोडणारा पाहुणा. ‘स्लीप आउट’ : खोली घेतली, पण रात्री पलंग वापरलेला नाही, डेस्कला लगेच कळवा. दारावर ‘डीएनडी’ पाटी असल्यास दार वाजवू नका.

‘मास्टर की’ने कोणालाही दार उघडून देऊ नका. ‘माझीच खोली आहे’ म्हणणाऱ्यासही नम्रपणे फ्रंट डेस्ककडे पाठवा.